लांबी कुणाची आणि अक्षर कुणाचं? पायथनच्या बिल्ट-इन फंक्शनांची चिकित्सा

तत्त्वज्ञानाच्या माणसानं प्रोग्रामिंगच्या भाषेवर बोलावं हे काही जणांना खटकेल. आमचं उत्तर एवढंच की भाषा कुणीतरी जाणीवपूर्वक घडवली असेल तर तिची चिकित्सा करता येते, आणि केलीही पाहिजे. मराठी कुणी एका माणसानं बसून घडवली नाही. पायथन घडवली. नेदरलँड्समधल्या गुइडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत असताना तिचं काम सुरू केलं आणि 1991 मध्ये ती लोकांसमोर आली. आज आपल्याकडे बारावीच्या वर्गापासून बँकेच्या संगणकापर्यंत ती पोचली आहे. तेव्हा तिच्या आत कोणते निर्णय घेतले गेले, ते का घेतले गेले आणि त्यांची किंमत कोण मोजतो, हे विचारणं फावल्या वेळचा उद्योग नाही.

पायथनमध्ये काही फंक्शनं जन्मजात येतात. काही आयात न करता, नुसतं नाव घेतलं की हजर. अशी सुमारे 70 आहेत. त्याशिवाय प्रत्येक वस्तूच्या अंगी असलेल्या मेथड वेगळ्या. आमचा आजचा प्रश्न या दोहोंच्या सीमारेषेवरचा आहे. एखादी क्रिया बाहेर उभं राहून करायची, की वस्तूलाच सांगायचं, 'बाई गं, तूच कर'?

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. लिस्टची लांबी हवी असेल तर पायथनमध्ये लेन(यादी) असं लिहितात. जावास्क्रिप्टमध्ये यादी.लेंग्थ, रूबीमध्ये यादी.साइझ. पायथनमध्ये सॉर्ट, अपेंड, पॉप या सगळ्या यादीच्या मेथड आहेत, मग लांबीच तेवढी बाहेर का? नवशिक्या विद्यार्थ्याला हा पंक्तिप्रपंच वाटतो, आणि त्याचं वाटणं चुकीचं नाही. रॉसम यांनी स्वतः याचं जे समर्थन दिलं आहे त्याचा भावार्थ असा: एक तर काही क्रिया गणितासारख्या, म्हणजे क्रियेचं नाव आधी आणि वस्तू नंतर, अशा लिहिल्या की डोळ्यांना सोप्या जातात. दुसरं म्हणजे लेन हा शब्द आधी दिसला की वाचणाऱ्याला ताबडतोब कळतं, इथं कशाची तरी लांबी विचारली आहे आणि उत्तर एक पूर्णांक येणार आहे. तेच क्ष.लेन() असं असेल तर हा क्ष कोण, त्याच्या वर्गात लेन या नावाखाली कुणी काय दडवलं आहे, हे आधी शोधावं लागतं.

आम्हाला हे समर्थन पटतं, पण त्याच्या तळाशी एक जुना वाद आहे. वैशेषिकांनी संख्या हा गुण मानला, आणि गुण द्रव्यात राहतो. मात्र एकत्व सोडलं तर पुढच्या संख्यांबद्दल, म्हणजे द्वित्व, त्रित्व वगैरेंबद्दल, ते म्हणाले की त्या अपेक्षाबुद्धीतून उपजतात. 'हा एक, हा एक' असं पाहणारी बुद्धी नसेल तर 'दोन' निर्माणच होत नाही. म्हणजे संख्या राहते वस्तूंमध्ये, पण जन्माला येते मोजणाऱ्यामुळे. आता पायथनकडे बघा. बाहेरून लेन हे मोजणाऱ्याच्या हातातलं फंक्शन आहे. आत मात्र ते त्या वस्तूच्याच एका गुप्त मेथडकडे जाऊन विचारतं. त्या मेथडच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असतात. आणि लिस्टनं आपली लांबी आधीच लिहून ठेवलेली असते, दर वेळी कुणी मोजत बसत नाही. दर्शनी भाग अपेक्षाबुद्धीचा, आतली व्यवस्था द्रव्यात राहणाऱ्या गुणाची. रॉसम यांनी वैशेषिकसूत्रं वाचली असतील असं आम्ही अजिबात सुचवत नाही. पण शहाण्या माणसाला तोच पेच पडला की तो साधारण त्याच वळणावर येतो.

इथपर्यंत ठीक. लिस्टच्या बाबतीत लेन उत्तम आहे. आमची तक्रार स्ट्रिंगबद्दल आहे, म्हणजे मजकुराबद्दल.

'मराठी' हा शब्द घ्या. त्यात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल, तीन. म, रा, ठी. पायथनचं लेन सांगतं, पाच. कारण युनिकोडमध्ये काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत आणि पायथन ते क्रमांक मोजतं. रस्ट या भाषेत हाच प्रश्न विचारा, उत्तर येतं 15, कारण तिथं बाइट मोजतात आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. स्विफ्ट ही ॲपलची भाषा मात्र तीन म्हणते, कारण वाचणाऱ्याला एक वाटणारा घटक तिथं एक धरला आहे. एकच शब्द, तीन उत्तरं. यातलं बरोबर कोणतं?

हा प्रश्नच अपुरा आहे. 1884 साली गॉटलोब फ्रेगे यांनी अंकगणिताच्या पायावर जो ग्रंथ लिहिला त्यात हेच दाखवलं. पत्त्यांचा गठ्ठा हातात देऊन 'मोज' म्हटलं तर काय मोजायचं? गठ्ठा मोजला तर एक, पत्ते मोजले तर 52. संख्या वस्तूला लागत नाही, संकल्पनेला लागते. कशाची संख्या, हे आधी सांगावं लागतं.

लेनचा दोष इथं आहे. लिस्टमध्ये 'कशाची?' या प्रश्नाचं उत्तर उघड असतं, लिस्टमधल्या घटकांची. मजकुरात ते उघड नसतं. लेन मात्र दोन्हीकडे त्याच निर्विकार चेहऱ्यानं पूर्णांक देऊन मोकळं होतं. ज्या एकसारखेपणाची रॉसम यांनी बाजू घेतली, तोच इथं प्रश्न झाकून टाकतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण त्याच्या साध्या मजकुरात अक्षर, क्रमांक आणि बाइट या तिन्हींची संख्या एकच येते. आमच्या मते मजकुराला नुसतं लेन द्यायलाच नको होतं. कशाची लांबी ते सांगितल्याशिवाय उत्तर मिळू नये, एवढी अडवणूक योग्य ठरली असती. अर्थात भाषा लोकप्रिय करायची तर अडवणूक परवडत नाही, हेही खरं.

आता थोडं भरभर. सॉर्ट ही लिस्टची मेथड यादी जागच्या जागी लावते आणि परत काहीच देत नाही, म्हणजे नन नावाचं शून्यवत मूल्य देते. सॉर्टेड हे फंक्शन मूळ यादीला हात न लावता नवी लावलेली यादी देतं. ते 2004 मध्ये आलं. यादी = यादी.सॉर्ट() असं लिहून आपली आख्खी यादी घालवलेले विद्यार्थी कोणत्याही वर्गात सापडतात. तरीही हा निर्णय आम्ही योग्य मानतो. बर्ट्रांड मायर यांनी आज्ञा आणि पृच्छा वेगळ्या ठेवाव्यात असं तत्त्व मांडलं. जे बदल घडवतं त्यानं उत्तर देऊ नये, जे उत्तर देतं त्यानं बदल घडवू नये. व्याकरणातला फरक बघा: 'लाव' हा आज्ञार्थ, 'लावलेली' हे विशेषण. सॉर्ट आणि सॉर्टेड या नावांत तोच फरक जपला आहे, आणि नावं देण्यात एवढी नजाकत संगणकाच्या दुनियेत क्वचित दिसते. जावास्क्रिप्टची सॉर्ट मूळ यादी बदलतेही आणि तीच परतही देते, त्यामुळे हातात नवी आली की जुनी हे समजतच नाही. वर 10, 9, 1 ही यादी ती 1, 10, 9 अशी लावते, कारण सांगितलं नाही तर ती आकड्यांनाही शब्द समजते. असो.

जॉइनबद्दल लोक कुरकुरतात. यादीतले शब्द स्वल्पविरामानं जोडायचे तर पायथनमध्ये स्वल्पविरामालाच सांगावं लागतं, 'तू यांना जोड'. यादीला का नाही सांगायचं? कारण जोडायच्या गोष्टी यादीत असतील, फाइलीत असतील, आणखी कुठे असतील, आणि त्या प्रत्येकाला जोडणं शिकवावं लागलं असतं. जोडणारा धागा मात्र नेहमी मजकूरच असतो. फुलं कशीही असोत, ओवतो तो दोराच. आम्हाला यात काही विचित्र वाटत नाही. 2000 सालापूर्वी हे काम वेगळ्या मॉड्यूलमधलं फंक्शन करत असे. त्या वर्षी मजकुराला मेथड मिळाल्या आणि ते दोऱ्याकडे गेलं.

आता जिथं आम्हाला खरोखर थांबायचं आहे तिथं येऊ. नसलेल्या गोष्टीबद्दल ही भाषा कशी बोलते?

मजकुरात एखादा तुकडा शोधायला दोन मेथड आहेत, फाइंड आणि इंडेक्स. सापडला तर दोघीही जागा सांगतात. नाही सापडला तर इंडेक्स एरर देते, फाइंड उणे एक देते. आता गंमत अशी की पायथनमध्ये उणे एक ही खरीखुरी जागा आहे! शेवटून पहिली. म्हणजे 'नाही' याचं उत्तर 'शेवटी आहे' या उत्तरासारखंच दिसतं. कुणी ईमेलच्या पत्त्यातून ॲटच्या खुणेआधीचं नाव काढायला फाइंड वापरलं आणि पत्त्यात ती खूणच नसली, तर भाषा तक्रार करत नाही. ती मुकाट्यानं उणे एकपर्यंतचा मजकूर देते, म्हणजे शेवटचं एक चिन्ह कापलेला पत्ता. हे पुढे कुठे कुठे जाईल सांगता येत नाही.

आपल्याकडे अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला आणि त्यावर शेकडो वर्षं खल झाला. नैयायिक सांगतात की नुसता 'अभाव' असं बोलणं अर्धवट आहे. अभाव कशाचा, तो त्याचा प्रतियोगी. आणि कुठे, तो त्याचा अनुयोगी. 'जमिनीवर घट नाही' यात घट प्रतियोगी आणि जमीन अनुयोगी. या कसोटीवर पायथनच्या एरर लावून बघा. डिक्शनरीत नसलेली किल्ली मागितली तर की-एरर येते आणि सोबत ती किल्ली छापलेली असते. प्रतियोगी सांगितला! मजकुराची इंडेक्स मेथड मात्र नुसतं म्हणते, 'तुकडा सापडला नाही'. कोणता, ते नाही. रात्री दोन वाजता चूक शोधत बसलेल्या माणसाला या दोन वाक्यांमधला फरक कुणी समजावून सांगायला नको.

डिक्शनरीची गेट मेथड तिसरीच तऱ्हा करते. किल्ली नसेल तर नन देते. पण किल्ली असून तिच्यासमोर नन ठेवलेलं असेल तरीही ननच देते. 'या नावाचा विद्यार्थीच नाही' आणि 'विद्यार्थी आहे, गुण अजून आलेले नाहीत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावर प्रवेश नाकारला जातो, दुसऱ्यावर वाट पाहिली जाते. न्यायशास्त्रात अत्यंताभाव आणि प्रागभाव असे वेगळे शब्द आहेत ते हौसेखातर नाहीत. गेटला पर्यायी उत्तर पुरवायची सोय आहे, हे मान्य. पण जो निष्काळजी असतो तोच ती वापरत नाही.

फाइंड नंतर काढून टाकता आली नाही. 2006 मध्ये पार्टिशन नावाची मेथड आली. ती मजकुराचे तीन भाग देते: आधीचा, खुणेचा आणि नंतरचा. खूण नसेल तर मधला भाग रिकामा. इथं अभाव रिकाम्या जागेनं दाखवला आहे, खोट्या आकड्यानं नाही. आमच्या मते या भाषेतल्या सर्वांत प्रामाणिक मेथडपैकी ही एक आहे, आणि शिकवणारे तिला विसरतात. लिस्टला मुळात इंडेक्सच दिली, फाइंड दिलीच नाही, यावरूनही निर्मात्यांना काय कळलं असावं याचा अंदाज येतो.

रिकामेपणाचं आणखी एक उदाहरण. ऑल हे फंक्शन विचारतं, सगळे खरे आहेत का? रिकाम्या यादीला विचारलं तर उत्तर 'हो'. विद्यार्थी हसतात. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत 'सर्व अ हे ब आहेत' म्हटलं की काही अ आहेत हे गृहीत असे. आधुनिक तर्कशास्त्रानं ते गृहीत काढून टाकलं आणि पायथन आधुनिकांच्या बाजूनं उभी आहे. तर्क म्हणून बिनतोड. पण शिष्यवृत्तीच्या अर्जात 'सगळी कागदपत्रं तपासून बरोबर आहेत का?' असं ऑलला विचारलं आणि अर्जदारानं एकही कागद जोडला नसेल, तर तो अर्ज पास होतो. दोष ऑलचा नाही, विचारणाऱ्याचा आहे. मॅक्स मात्र रिकाम्या यादीपुढे सरळ एरर देतं, आणि सम शून्य देतं. तिन्ही बरोबर. काहीच नसलेल्यांची बेरीज शून्य म्हणता येते. काहीच नसलेल्यांत सर्वांत मोठा कोण, याला उत्तर नाही.

समची एक खोड सांगून पुढे जाऊ. शब्दांच्या बेरजेला ते नकार देतं आणि वर सल्ला देतं, जॉइन वापरा. कारण तशी बेरीज फार हळू होते. चांगलं. पण यादीत याद्या मिळवल्या तर तीही तितकीच हळू होते, आणि तिथं ते काही बोलत नाही. शिस्त लावायची तर सर्वांना लावावी.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर मुद्दा. मजकुराला इझ-अल्फा नावाची मेथड आहे. सगळी चिन्हं अक्षरं आहेत का, हे ती सांगते. नावाच्या रकान्यात कुणी आकडे किंवा भलतीच चिन्हं भरू नयेत म्हणून नवे प्रोग्रामर ती हमखास वापरतात. तिला 'मदन' द्या, उत्तर खरं. 'शरद', 'कमल', तेही खरं. 'राम' द्या. खोटं. 'सुनीता', खोटं. 'वसंत', खोटं, कारण अनुस्वार आला. थोडक्यात, ज्याच्या नावात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार काही नाही त्यालाच या दारातून प्रवेश. 'मराठी' हा शब्द स्वतःच या परीक्षेत नापास होतो.

हे कसं झालं? युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्ग देतं. स्वतंत्र स्वर आणि व्यंजनं 'अक्षर' या वर्गात, काना-मात्रा 'खूण' या वर्गात. इझ-अल्फा फक्त पहिला वर्ग मानते. युनिकोडकडे 'वर्णात्मक' असा आणखी एक, अधिक उदार गुणधर्म आहे आणि त्यात काना-मात्रा येतात. पायथनचं स्वतःचं दस्तऐवजीकरण स्पष्ट सांगतं की आमची मेथड त्याहून वेगळी आहे. म्हणजे हा अपघात नाही, निवड आहे. न्यायानं हेही सांगितलं पाहिजे की तो उदार गुणधर्म घेतला असता तरी हलन्त त्यात बसत नाही, त्यामुळे 'राम' आत आला असता आणि 'कृष्ण' बाहेरच राहिला असता.

बरं, हीच भाषा इझ-आयडेंटिफायर या मेथडला विचारलं की सांगते, 'मराठी' हे चलाचं नाव म्हणून चालेल. म्हणजे नाव आहे, पण अक्षरांचं नाही! आकड्यांच्या बाबतीत ती आणखी उदार. इंट या फंक्शनला '१२३' असा देवनागरी मजकूर दिला तर ते बिनतक्रार एकशे तेवीस समजतं. अंक आपले मान्य, काना अमान्य.

नावांच्या रकान्याहून मोठं नुकसान शब्द मोजण्यात होतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं चिन्ह' यासाठी जी खूण आहे तिची व्याख्या पायथननं अशाच वर्गांवर बेतली. तिनं 'मराठी' शोधायला गेलं तर हाती 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे येतात. एखाद्या विद्यार्थ्यानं मराठी कादंबरीतल्या शब्दांची वारंवारिता काढली, तक्ता केला, प्रबंधात घातला, आणि तक्त्यात शब्दच नाहीत, शब्दांची हाडं आहेत. पर्लमध्ये याच खुणेत काना-मात्रा धरल्या जातात. तेव्हा हे अशक्य होतं असं कुणी म्हणू नये.

आता दुसऱ्या बाजूला बघा. मोठ्या आणि छोट्या लिपीसाठी मजकुराला अपर, लोअर, टायटल, कॅपिटलाइझ, स्वॉपकेस, केसफोल्ड अशा सहा मेथड आहेत, आणि तपासायला आणखी तीन. स्वॉपकेस, म्हणजे मोठ्याचं छोटं आणि छोट्याचं मोठं करणं, कुणाला कशासाठी लागतं हे आम्हाला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. देवनागरीत हा भेदच नाही. 'मराठी' मोठ्या लिपीत आहे का विचारा, नाही. छोट्या लिपीत आहे का, तेही नाही. नऊ मेथड एका लिपिकुळाच्या एका लकबीसाठी, आणि 'वाचणाऱ्याच्या दृष्टीनं एक अक्षर तोडून दे' म्हणणाऱ्या मजकुराच्या मेथड शून्य. त्यासाठी रेजेक्स नावाची बाहेरची लायब्ररी आणावी लागते. बिल्ट-इन म्हणजे काय, तर घर बांधताना ज्याच्या गरजा गृहीत धरल्या त्याचं सामान.

क्रमाचंही तसंच. कलम, कवच, कसब, कहर, कळस. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कळस शेवटी. सॉर्टेड मात्र कळस उचलून कलमच्या मागोमाग ठेवतं, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसला आहे. इथं मात्र निर्मात्यांनी एक दार उघडं ठेवलं आहे, आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. सॉर्टेडला की नावाचा निकष बाहेरून देता येतो. ळ ला ह च्या नंतरचा क्रमांक देणारं चार-पाच ओळींचं फंक्शन लिहा, ते निकष म्हणून द्या, आणि कळस आपल्या जागी जातो. क्ष आणि ज्ञ यांना शेवटी बसवायचं तर थोडं जास्त लिहावं लागेल, कारण ते आत तीन-तीन चिन्हांचे आहेत. ज्यांच्याजवळ संगणक आहे त्यांनी घरी करून बघावं, आणि अनुस्वार कुठे ठेवलात तेही कळवावं; आपले कोशकारसुद्धा त्यावर एकमतानं बोलत नाहीत.